शुद्धीत नसलेल्या माणसासाठी वही कशी लिहावी

घुबडापासून सुरुवात करते.

जमीनमोजणीच्या कामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ अकरा दिवस आमच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते. न्यूमोनिया, घशात नळी, अखंड गुंगीची औषधं. त्यातून ते वाचले, वॉर्डात गेले आणि तिसऱ्या दिवशी मी सहज भेटायला गेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं. "सिस्टर, एक विचारतो, हसू नका. तिथं घुबड कुणी पाळलं होतं?"

ते घुबड रोज रात्री त्यांच्याकडे एकटक बघायचं. मधूनच सूंऽऽ करत यायचं, नरड्यात चोच घालायचं आणि श्वास कोंडायचा. बायकोला त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. "तिला वाटेल, जीव वाचला पण डोकं गेलं."

ड्यूटी संपल्यावर मी त्यांच्या जुन्या बेडवर जाऊन आडवी झाले. बेड नुकताच रिकामा झाला होता, चादर बदलायची होती, म्हणून जमलं. मान डावीकडे वळवली. भिंतीवर सक्शनचे दोन गोल मीटर शेजारी शेजारी, काचांवर मॉनिटरचा पिवळा उजेड आणि दोन्हींच्या मधोमध खाली लोंबणारी नळी. एकवीस वर्षं मी त्या मीटरवरचे आकडे वाचत आलेय. त्यांना डोळे आहेत हे मला आडवं झाल्याशिवाय दिसलं नाही. आणि चोच? नळीवरच्या रुग्णाला कफ स्वतः काढता येत नाही, म्हणून आम्ही बारीक कॅथेटर आत घालून तो ओढून काढतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत श्वास खरोखरच कोंडतो.

म्हणजे घाबरलेल्या त्या माणसाने हाताला लागले तेवढे तुकडे गोळा करून एक गोष्ट रचली होती. तुकडे सगळे खरे होते. ते जोडून द्यायला शेजारी कुणी नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून मी आत असलेल्या रुग्णाच्या घरच्यांना वही लिहायला बसवते. ती कशी लिहायची ते इथे सांगतेय. तुमचं कुणी आत्ता आत असेल तर मधला भाग सोडून सरळ "पहिलं पान" गाठा.

मन रिकामी जागा ठेवत नाही

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी चित्रफीत तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप होणारी एक चौकट होती, बाकी काही नाही. ती ३४ जणांच्या गटाला दाखवून "काय दिसलं ते लिहा" असं सांगितलं. भूमितीच्या भाषेत लिहिणारी व्यक्ती त्यात एकच निघाली. बाकीच्यांना दांडगाई करणारा मोठा त्रिकोण दिसला, घाबरलेलं वर्तुळ दिसलं, पाठलाग दिसला, सुटका दिसली.

ही सगळी धडधाकट, जागी, खुर्चीवर बसलेली माणसं. आता गुंगीतल्या माणसाचा विचार करा. त्याला दिवस-रात्र कळत नाही. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नाही. नळी ओढू नये म्हणून कधी हात बांधलेले असतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून खालच्या गादीत आळीपाळीने हवा भरते आणि सुटते. डोक्याशी काहीतरी सतत वाजत असतं. यातून मन काय रचणार? मी ऐकलेल्यांपैकी काही सांगते: समुद्रात हेलकावणारी बोट (ती गादी). पकडून डांबून ठेवणारी टोळी आणि त्यातली सगळ्यात दुष्ट बाई (ती मी). मागे धावणारी आणि मागे घेताना वाजणारी लॉरी (सिरिंज पंपाचा अलार्म). छतावरच्या मुंग्या तर इतक्या जणांना दिसतात की आता मला त्यांचं काही वाटत नाही.

आमच्या भाषेत याला डेलिरियम म्हणतात. औषधं उतरली की तो बहुतेकांचा ओसरतो, पण त्यात रचलेल्या गोष्टी ओसरत नाहीत. इंग्लंडमधल्या परिचारिका आणि संशोधक क्रिस्टिना जोन्स यांनी २००१ साली सहकाऱ्यांसह मांडलं, की ज्यांना आयसीयूतलं खरं काहीच आठवत नाही आणि भासच तेवढे आठवतात, त्यांना पुढे जास्त मानसिक त्रास होतो. खऱ्या गोष्टी आठवणाऱ्यांना, त्या कितीही वाईट असल्या तरी, तुलनेने कमी. हे वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं, कारण तोवर मी "बरं झालं, काही आठवत नाही" असंच सगळ्यांना म्हणायचे. आता म्हणत नाही.

अशा वह्यांची पद्धत स्कँडिनेव्हियातल्या परिचारिकांनी रुळवली. रुग्ण बेशुद्ध असताना त्याच्यासाठी रोज चार ओळी लिहायच्या आणि तो बरा झाला की वही त्याच्या हातात द्यायची. आता हिशोबाची बाजूही सांगायला हवी. २०१० साली सहा युरोपीय देशांतल्या ३५२ रुग्णांवरच्या अभ्यासात, ज्यांना वही वेळेवर मिळाली त्यांच्यात आघातानंतरचा मानसिक आजार नव्याने सुरू होण्याचं प्रमाण ५ टक्के निघालं आणि ज्यांना ती उशिरा मिळाली त्यांच्यात १३ टक्के. मी खूश झाले. मग २०१९ साली फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंतला मोठा अभ्यास आला. त्यात तीन महिन्यांनी पाहिल्यावर वही असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा वही लिहिली की आजार टळेल, असं मी कुणाला सांगत नाही. मला स्वतःला वाटतं की नुसती वही हातात देऊन भागत नसावं, ती कोण लिहितं आणि कुणाबरोबर वाचली जाते यावर बरंच असावं. हे माझं मत आहे, पुरावा नाही.

पहिलं पान

सगळ्यात आधी तिथल्या सिस्टरला विचारा. काही ठिकाणी वही बेडपाशी ठेवू देतात, काही ठिकाणी संसर्गाच्या भीतीने नाही. नाही म्हणाल्या तर वाद घालू नका. बाहेर बाकावर बसून लिहा, तीही तितकीच चालते. ठेवू दिली तर प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि वहीला हात लावण्याआधी व नंतर हात स्वच्छ करा. मुखपृष्ठावर पेशंटच्या नावाबरोबर "ही वही त्यांची आहे" असं लिहा. हे महत्त्वाचं आहे, कारण चार दिवसांनी घरातला प्रत्येकजण तिला आपली समजायला लागतो.

पहिल्या पानावर, जिथपर्यंत त्यांना आठवत असेल तिथपासून आयसीयूच्या दारापर्यंत सगळं लिहा. बहुतेकांची आठवण दवाखान्यात येण्याच्या जरा आधीच तुटलेली असते. रुग्णाला "तू" म्हणत असाल तर "तू", "तुम्ही" म्हणत असाल तर "तुम्ही" लिहा, पण सरळ त्यांच्याशी बोला. "पेशंटला सकाळी ताप होता" असं लिहिलंत तर ते केसपेपर होईल. केसपेपर आमच्याकडे आहेच.

एका मुलाने वडिलांसाठी लिहिलेलं पहिलं पान मला जवळपास पाठ आहे: "बाबा, मंगळवारी संध्याकाळी तुम्ही खुर्चीवरून उठताना म्हणालात, जरा पडतो. सातला मी हाक मारली तर तुम्ही मला दादा म्हणालात. मी तुमचा मुलगा. दादा म्हणजे तुमचा भाऊ. तेव्हा मला कळलं की काहीतरी बिघडलंय. अ‍ॅम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली. तुम्ही वाटेत दोनदा चप्पल कुठंय विचारलंत. चप्पल माझ्या पिशवीत आहे."

चप्पल माझ्या पिशवीत आहे. हे वाक्य कुठलाही डॉक्टर लिहिणार नाही.

रोज काय लिहायचं

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळं काम इथेच आहे.

माझी स्वतःची पहिली वही अगदी वाया गेली. मी एका बाईंसाठी चौदा दिवस मनापासून लिहिलं: "आज तब्येत स्थिर." "आज ऑक्सिजन ५० वरून ४५ केला." "आज सुधारणा." त्यांनी ती घरी नेली, महिन्याभराने तपासणीला आल्या तेव्हा परत आणली आणि म्हणाल्या, "सिस्टर, यात मी कुठंय?" मी चौदाही पानं उलटून पाहिली. खरंच नव्हत्या.

तेव्हा, आकडे लिहू नका. ते तुम्हाला फार महत्त्वाचे वाटतील, कारण दिवसभर तुम्ही तेच विचारत असता. रुग्णाला ते नंतर उपयोगाचे नाहीत. त्याऐवजी चार गोष्टी लिहा, हव्या त्या क्रमाने.

त्यांच्या शरीराला काय होत होतं आणि ते बाहेरून कसं दिसत होतं. याने बोटी आणि घुबडं उलगडतात. "तुमच्या गादीत हवा भरते, दर काही मिनिटांनी तुम्ही जरासे वर उचलले जाता." "आज नळीतला कफ काढताना तुम्ही डोळे घट्ट मिटलेत आणि माझं बोट दाबलंत." "हात पांढऱ्या पट्टीने बांधलेत, कारण काल तुम्ही नळी ओढली. पट्टी मऊ आहे, मी हात घालून पाहिलं." आवाज लिहा, वास लिहा, उजेड कुठून येतो ते लिहा. शक्य झालं तर त्यांच्या उशीच्या उंचीवर डोकं नेऊन बघा, छतावर काय दिसतं. छतावर ओल आली असेल तर तिचा आकार लिहा. हे वेडेपणाचं वाटेल, वाटू द्या.

त्यांनी काय केलं. बेशुद्ध माणूस काही करत नाही असं आपल्याला वाटतं. करतो. भुवई उचलतो, खोकतो, नातीचा आवाज ऐकून त्याची नाडी वाढते, अंगावरचं पांघरूण पायाने ढकलतो. "आजही तुम्हाला डावा पाय पांघरुणाबाहेर हवा होता." त्या बाईंचा "मी कुठंय" हा प्रश्न अशा वाक्यांनी सुटतो.

कोण आलं, आणि कोण का आलं नाही. दुसरा भाग विसरू नका. एका आईने शुद्धीवर आल्यावर तीन दिवस कुणाशी बोलायला नकार दिला होता. तिची धाकटी मुलगी अपघातात गेली आणि सगळे तिच्यापासून लपवताहेत, अशी तिची खात्री होती. मुलीला फक्त गोवर झाला होता, म्हणून तिला आत सोडत नव्हते. मोठ्या बहिणीने वहीत लिहून ठेवलं होतं: "छोटी खाली गेटपाशी उभी आहे, अंगभर पुरळ, तिला वर येऊ देत नाहीत म्हणून रडतेय आणि भांडतेय." आईने ते पान स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

आणि बाहेर काय चाललंय. पाऊस, सामना कोण हरलं, शेजाऱ्यांची मांजर कुठे व्याली. जग थांबलं नव्हतं आणि त्यात यांची जागा धरून ठेवलेली होती, हे यातून कळतं. दोन ओळी पुरतात.

रोज अर्धं पान झालं की थांबा. एखादा दिवस चुकला तर "काल लिहिलं नाही, झोप लागली" असं लिहून पुढे चला. तारीख आणि खाली नाव मात्र प्रत्येक नोंदीला हवंच.

वाईट दिवशी

या दिवशी सगळे पेन खाली ठेवतात, किंवा खोटं लिहितात.

खोटं म्हणजे "तुम्ही शूर योद्धा आहात, झुंज देताय" वगैरे. मला हे शब्द आयसीयूत आवडत नाहीत. गुंगीतला माणूस झुंज देत नसतो, तो झोपलेला असतो. नंतर हे वाचून त्याला वाटतं की आपल्याबद्दल कुणी भलत्याच माणसाची गोष्ट लिहिली आहे. शिवाय शेजारच्या बेडवरचा गेला, तो काय कमी झुंजला?

खरं लिहा, पण निदान आणि भाकीत नको. "डॉक्टर म्हणाले आजची रात्र अवघड आहे. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. मधल्याने सगळ्यांसाठी चहा आणला आणि कुणीच प्यायलो नाही. पहाटे चारला सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, ताप उतरतोय." एवढं पुरे. जे पाहिलं, जे केलं, जे ऐकलं. भीती वाटली तर "मला भीती वाटली" असंही लिहा. आपल्यासाठी कुणी घाबरलं होतं हे वाचून माणसं खचत नाहीत, उलट वहीतल्या ज्या पानांवर डोळे रेंगाळतात ती हीच असतात. मी पाहिलंय.

न लिहिण्याच्या गोष्टी थोडक्यात: घरातली भांडणं, बिलं, दुसऱ्या रुग्णांची नावं, कुणाची चूक झाली त्याचा निवाडा. तक्रार असेल तर ती वेगळ्या कागदावर लिहून योग्य ठिकाणी द्या. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि काढलात तर तो पाकिटात बंद करून वहीच्या मागच्या कव्हरात ठेवा. तो बघायचा की फाडायचा हे रुग्ण ठरवेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. शुद्धीवर आल्यावर आपला नळ्या लावलेला फोटो ऐंशी जणांनी पाहिलाय हे कळलेल्या एका मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही.

वहीतून बळ कुठून येतं

आयसीयूतून उठलेल्या माणसाला सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे त्याचे पाय. त्याच्या हिशोबाने तो काल चालत होता. मधले दिवस त्याच्याकडे नाहीतच. आज उभं राहायला गेला तर पाय वाळूच्या पोत्यासारखे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ६३ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात, पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. आम्हाला हे माहीत असतं. रुग्णाला वाटतं की त्याच्यात काहीतरी कायमचं मोडलंय आणि कुणी सांगत नाही.

एका शिक्षिकेचं असंच झालं होतं. फिजिओथेरपिस्ट आला की त्या भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. त्यांच्या पुतणीने वही काढून एक पान उघडलं: "आज तुला दोघांनी धरून पलंगाच्या कडेला बसवलं. डोकं माझ्या खांद्यावर होतं. भिंतीवरच्या घड्याळात मी चाळीस सेकंद मोजले. मग तू पांढरी पडलीस आणि निजवलं." त्याला सहा दिवस झाले होते. शिक्षिकाबाईंनी विचारलं, "चाळीस? आणि काल किती बसले?" काल अर्धा तास बसल्या होत्या, स्वतःच्या मानेने. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फिजिओ आला तेव्हा त्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या, आणि तो उशिरा आला म्हणून त्याला ओरडल्या.

"तू हे करू शकतेस" असं त्यांना आम्ही सगळ्यांनीच सांगून झालं होतं. आमच्या सांगण्याला पुरावा नव्हता. चाळीस सेकंदांना होता. म्हणून नोंदीत नेहमी मोजता येईल असं एक काहीतरी असू द्या: सेकंद, पावलं, किती चमचे पाणी गिळलं. वर मी आकडे नको म्हटलं ते मशीनवरचे. हे त्यांचे स्वतःचे आहेत.

वही कधी द्यायची

माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे. एका तरुणाला मी डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, वेळ नाही म्हणून, वही हातात देऊन "वाचा, बरं वाटेल" असं म्हणून गेले. तासाभराने परत आले तर तो घामाघूम, वही जमिनीवर, नाडी १३०. त्याने त्यानंतर ती उघडली की नाही मला माहीत नाही.

एके काळी संकटातून बाहेर पडलेल्या माणसाला लगेच बसवून, एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत होती. नंतर अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा या एका बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही असं दिसलं. काहींना तर त्रास वाढला होता. तेव्हा घाई नको. "तुमच्यासाठी आम्ही एक वही लिहिलीय. हवी तेव्हा मागा" एवढंच सांगा आणि ती कुठे ठेवलीय ते दाखवा. कुणी दुसऱ्या दिवशी मागतं, कुणी सहा महिन्यांनी. एक काका ती कपाटावर ठेवून आहेत आणि म्हणतात, ती तिथे आहे एवढं पुरतं. त्यांना पुरत असेल.

मागितली तर पहिल्यांदा शेजारी बसा. वाचताना ते थांबतील, मागे जातील, "हे तेव्हाचंच का?" विचारतील. त्यांचं घुबड बाहेर येईल ते याच वेळी. तेव्हा "छे, असं काही नव्हतं" असं चुकूनही म्हणू नका. विचारा, कुठल्या बाजूला होतं? काय आवाज यायचा? कधी यायचं? मग दोघं मिळून वहीत शोधा. जमलं तर आयसीयूला भेट द्यायची परवानगी मागा; अनेक ठिकाणी देतात. जमीनमोजणीवाले गृहस्थ असे परत आले, त्या दोन मीटरांसमोर उभे राहिले, मला एक खुर्ची मागितली, बसून बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "डावा डोळा जरा मोठा आहे." होता. तो मीटर जुन्या बनावटीचा होता.

सगळे भास असे सुटत नाहीत. वहीत उत्तर नसेल तर नाही म्हणून सांगा, नवीन गोष्ट रचून देऊ नका. आणि महिने उलटूनही झोप लागत नसेल, दचकणं थांबत नसेल, तर हे वहीचं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

लिहिणाऱ्यासाठी

बाकावर बसलेल्या माणसालाही कुणी गोष्ट सांगत नाही, त्याला आतून तुकडेच मिळतात. म्हणून त्याने स्वतःसाठी दुसरी वही करावी असं मी सुचवते. ती रुग्णाला दाखवायची नाही. १९८६ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्याझाल्या त्यांना आणखी वाईट वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत जे अनुभव आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहीत होते, त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर पेनेबेकर यांनी अशा लेखनातले शब्द मोजले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "त्यामुळे", "आता कळतं" असे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशी नुसता पसारा, चौथ्या दिवशी त्याला सुरुवात आणि ओघ. तुमच्या वहीत पहिल्या दिवशी फक्त शिव्या आल्या तरी चालेल. चौथ्या दिवशी एखादं "कारण" येतंय का बघा.

घरी लहान मुलं असतील तर त्यांना काय सांगायचं हेही लोक विचारतात. एमोरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हश यांनी मुलांना आपल्या घराण्याबद्दल काय काय माहीत आहे हे तपासणारे वीस प्रश्न तयार केले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, घरात कुठलं संकट आलं होतं. ज्यांना जास्त माहीत होतं ती मुलं स्वतःबद्दल अधिक खंबीर निघाली. आणि ड्यूक यांच्या मते घराण्याच्या गोष्टींत सगळ्यात उपयोगी ती, जिच्यात चढ आहेत आणि उतारही आहेत. म्हणून मुलांना "आजोबा गावाला गेलेत" सांगू नका. आजोबांच्या वहीत मुलांनाही एक ओळ लिहू द्या, चित्र काढू द्या. नंतर ती चित्रंच सगळ्यात आधी उघडली जातात.

आणि माणूस गेला तर

हेही विचारतात, पण हळू आवाजात. तर वही घरच्यांची. आम्ही ती नीट पुसून, पाकिटात घालून देतो. शेवटच्या नोंदीनंतरचं पान मी कोरं ठेवते, सही करत नाही. काहीजण वही तिथेच ठेवून जातात आणि वर्षाने येऊन मागतात, म्हणून आमच्या कपाटात एक कप्पा आहे. आत्ता त्यात तीन आहेत.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा यंत्रं पुरेनात, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि हाताने रबरी पिशवी दाबून त्यांना श्वास देत राहिले. पुढच्याच वर्षी ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी तिथे जे सुरू केलं त्याला जगातला पहिला आयसीयू मानतात. आता पिशवी दाबायला मशीन आहे. उशाशी बसायला अजून माणूसच लागतो.

राहिलं पेन. साधं बॉलपेन घ्या. जेलपेनची शाई सॅनिटायझर लागला की पसरते; एका मुलीची आठ पानं अशीच गेली आणि तिने ती रात्रभर बसून आठवेल तशी परत लिहिली. दोन पेनं ठेवा, एक आम्ही नक्की उचलून नेतो.